पोर्ट रॉयल (जमैका): समुद्रात गेलेलं गाव चाच्यांचं होतं की व्यापाऱ्यांचं?

गलबत (धागाकर्ता)

2025च्या जुलैत पॅरिसला जागतिक वारसा समितीचं अधिवेशन झालं आणि आपले 12 किल्ले यादीत गेले. रायगड, सिंधुदुर्ग, खांदेरी... आनंदच आनंद होता. त्याच अधिवेशनात मान्यता मिळालेल्या आणखी एका समुद्रकाठच्या जागेकडे मात्र आपल्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही: जमैकातलं पोर्ट रॉयल. तेव्हापासून मी त्यावर मिळेल ते वाचतोय. इथल्या जाणकारांशी त्यावर बोलावंसं वाटलं.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. जमैकाच्या दक्षिण किनाऱ्यावर किंग्स्टनचं मोठं नैसर्गिक बंदर आहे. त्याला बाहेरच्या समुद्रापासून तोडणारा पॅलिसेडोज नावाचा वाळूचा दांडा पूर्वेकडून पश्चिमेकडे सुमारे 15 किलोमीटर गेलाय. या दांड्याच्या अगदी शेवटच्या टोकावर पोर्ट रॉयल. होप नदीने आणलेली वाळू-खडी लाटा पश्चिमेकडे ढकलत राहिल्या, समुद्रातली सुटी बेटं त्यात जोडली गेली आणि हा दांडा तयार झाला. म्हणजे गाव मुळात वाळूवर वसलं.

इंग्रजांनी 1655 साली स्पेनकडून जमैका घेतलं आणि या टोकावर किल्ला उभा केला. आधी त्याला क्रॉमवेलचं नाव होतं, राजेशाही परतल्यावर दुसऱ्या चार्ल्सचं मिळालं: फोर्ट चार्ल्स. (हाच तो चार्ल्स, ज्याला पोर्तुगीज राजकन्येशी लग्न करताना मुंबई आंदण मिळाली.) पुढच्या पस्तीसेक वर्षांत हे इंग्रजांच्या अमेरिकेतल्या सगळ्यात गजबजलेल्या गावांपैकी एक झालं. 1692 साली सुमारे 6500 वस्ती, 2000च्या आसपास इमारती, आणि हे सगळं 51 एकरांत. बऱ्याच इमारती लंडनच्या धर्तीच्या, विटांच्या, एकावर एक मजले चढवलेल्या. 7 जून 1692ला दुपारी बाराच्या सुमारास भूकंप झाला आणि त्यातली 33 एकर जमीन काही मिनिटांत पाण्याखाली गेली. सुमारे 2000 माणसं जागच्या जागी गेली.

आता प्रश्न. जो तो या गावाला 'चाच्यांची राजधानी', 'जगातलं सर्वांत पापी शहर' म्हणतो. माझं वाचन वेगळं सांगतं. चाच्यांचा काळ 1692च्या आधीच ओसरला होता, आणि जे बुडालं ते दुकानं, गोदामं आणि गुलामांचा बाजार असलेलं व्यापारी गाव होतं. तुम्हाला काय वाटतं? तिकडे कुणी जाऊन आलंय का?

मावळतीचा_वारा

उत्तम विषय! नकाशा उघडून बसलोय. विमानतळ त्या दांड्यावरच आहे की काय?

गलबत

हो, नॉर्मन मॅन्ली विमानतळ पॅलिसेडोजवरच आहे. धावपट्टी बंदराच्या बाजूला पाण्यात भर घालून पुढे नेलीय.

जहाजी_काका

मी मर्चंट नेव्हीत असताना किंग्स्टनला बऱ्याचदा जाणं झालं. तिथे कंटेनरची मोठी उतरवाउतरव चालते. पनामा कालव्यातून येणारा माल तिथे उतरतो आणि लहान जहाजांवरून आजूबाजूच्या बेटांना जातो.

बंदरात शिरताना पोर्ट रॉयल टाळताच येत नाही. पूर्वेकडून आलात की आधी प्लम पॉइंटचं दीपगृह दिसतं, मग डाव्या हाताला लाइम केसारखी वाळूची बुटकी बेटं आणि उजव्या हाताला तो दांडा. पायलट चढतो, जहाज टोकाला वळसा घालतं, आणि एवढं मोठं जहाज गावाच्या इतक्या जवळून जातं की ब्रिजवरून घरांची पत्र्याची छपरं, दोरीवरचे कपडे, मासेमारीच्या होड्यांचे रंग सगळं नीट दिसतं. खोली टोकाला लागूनच आहे. सतराव्या शतकातल्या कप्तानाला ही जागा का आवडली हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही एका फेरीत कळेल. जहाज थेट व्यापाऱ्याच्या दाराशी लावायचं, होड्यांनी माल वाहायची गरज नाही. शिवाय बंदरात शिरणारं प्रत्येक जहाज किल्ल्याच्या तोफांच्या माऱ्यात.

भूतज्ञ_सांगली

काकांनी जे सांगितलं तेच गावाच्या मुळावर आलं. जरा सविस्तर लिहिते.

दाराशीच खोल पाणी, याचा अर्थ किनाऱ्याचा उतार पाण्याखाली एकदम तीव्र आहे. आणि तो उतार खडकाचा नाही, सैल वाळूचा. गावाखाली वाळूचा जाड थर, त्यात थोडं खणलं की पाणी, आणि त्यावर विटांची जड घरं. किनारा पुढे सरकवायला पाण्यात भर घातलेली, ती वेगळीच.

अशी पाण्याने भरलेली वाळू जोरात हादरली की कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांवर टेकायचे थांबतात आणि जमीन वाहायला लागते. याला द्रवीकरण म्हणतात. बंदराच्या बाजूचा भाग या वाहत्या वाळूसह खोल पाण्याकडे घसरला. म्हणून टेम्स स्ट्रीट, क्वीन स्ट्रीट अशा बंदराकाठच्या गल्ल्या आधी गेल्या आणि फोर्ट चार्ल्सच्या बाजूचा तुकडा राहिला.

सगळ्यात भयंकर भाग पुढचा आहे. हादरे थांबले की पाणी वर निघून जातं आणि वाळू पुन्हा घट्ट बसते. त्या दिवशी वाचलेल्यांनी लिहून ठेवलंय की माणसं कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत वाळूत रुतली होती आणि त्याच स्थितीत वाळू आवळली. आमच्या वर्गात द्रवीकरण शिकवताना मी पोर्ट रॉयलचंच उदाहरण देते, कारण इतकी जुनी आणि इतकी स्पष्ट साक्ष दुसरीकडे क्वचितच मिळते.

भूकंपाचं कारण विचाराल तर जमैका कॅरिबियन भूपट्टाच्या उत्तर सीमेवर आहे. 2010ला हैतीत झालेला भूकंपही याच सीमेवरच्या भ्रंशरेषांच्या पट्ट्यातला. 14 जानेवारी 1907ला किंग्स्टन शहर पुन्हा एका भूकंपात उद्ध्वस्त झालं आणि त्यानंतरच्या आगीत जळालं. हे संकट इतिहासजमा झालेलं नाही.

शिलेदार_७७

ताई, सुंदर समजावलंत. आपल्याकडच्या जलदुर्गांशी तुलना करायचा मोह आवरत नाही. सिंधुदुर्ग 1664 साली बांधायला घेतला, म्हणजे पोर्ट रॉयल वाढत होतं त्याच वर्षांत. महाराजांनी कुरटे बेट निवडलं ते खडकाचं. आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावं हे आज्ञापत्रात स्पष्ट सांगितलंय. पोर्ट रॉयलला प्यायच्या पाण्याची काय सोय होती?

गलबत

@शिलेदार_७७, गावात गोडं पाणी नव्हतंच. पलीकडच्या रिओ कोब्रे नदीवरून पिंपं भरून होड्यांनी आणायचे आणि विकायचे. लाकूडफाटा, भाजीपाला, मांस, सगळं बंदराच्या पलीकडून यायचं. समुद्री कासवं मात्र किनाऱ्यालगत कुंपण घालून पाण्यातच जिवंत ठेवत आणि लागेल तसं त्यांचं मांस बाजारात जाई.

इतकी गैरसोय सोसून साडेसहा हजार माणसं त्या वाळूवर राहिली यावरून तिथे किती पैसा असेल याचा अंदाज यावा.

काळा_पहाड

पैसा कुठून आला तेही सांगा ना मग! लुटीतूनच ना? चाच्यांचा काळ ओसरला होता वगैरे ठीक आहे, पण भांडवल त्यांचंच. हेन्री मॉर्गनने 1668ला पोर्टोबेलो लुटलं, शहर परत करायची एक लाख पेसोंची खंडणी घेतली आणि तो सगळा पैसा पोर्ट रॉयलच्या गुत्त्यांत आणि दुकानांत आला. 1671ला पनामा लुटलं. सरकारने काय केलं? इंग्लंडला नेला खरा, पण शिक्षा सोडाच, 'सर' केलं आणि जमैकाचा उपगव्हर्नर करून परत पाठवलं. याला चाच्यांची राजधानी म्हणायचं नाही तर कशाला?

दप्तरदार

काळा पहाड, मुद्दा वजनदार आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

एक, मॉर्गन गव्हर्नरचा लेखी परवाना घेऊन निघायचा. जमैकाच्या रक्षणाला इंग्लंडकडे पुरेसं आरमार नव्हतं, स्पेन कधीही बेट परत घेईल ही धास्ती होती. म्हणून गव्हर्नर मॉडिफर्डने या लुटारूंना हाताशी धरलं: तुम्ही स्पॅनिश जहाजं आणि गावं लुटा, वाटा आमच्याकडे आणा, आणि तुमचा तळ इथे असला की आमचं आपोआप रक्षण होईल. लुटलेल्या माणसाला या कागदाने काही फरक पडत नाही हे मान्य. पण कारभाराच्या दृष्टीने ते बेटाचं संरक्षण धोरण होतं.

दोन, 1670ला माद्रिदचा तह झाला. स्पेनने जमैकावरचा इंग्रजांचा ताबा मान्य केला आणि बदल्यात लूट थांबवायची असं ठरलं. त्यानंतर मळेवाले आणि व्यापारी यांचा जोर वाढत गेला. त्यांना स्पॅनिश वसाहतींशी चोरटा व्यापार करायचा होता, आणि ज्यांना माल विकायचा त्यांनाच लुटणारे शेजारी त्यांना नको होते. 1680च्या दशकात जमैकात चाच्यांविरुद्ध कायदा झाला, फाशी सुरू झाल्या, आणि त्या मोहिमेत उपगव्हर्नर म्हणून खुद्द मॉर्गन होता. तो 1688ला वारला. पॅलिसेडोजवरच्या दफनभूमीत पुरला आणि चार वर्षांनी ती दफनभूमीही समुद्रात गेली.

त्यामुळे धागाकर्त्याचं म्हणणं कालक्रमात बसतं. सुरुवातीचं भांडवल लुटीचं, 1692चं गाव व्यापाऱ्यांचं.

काळा_पहाड

कालक्रम मान्य. पण मग 1720ला कॅलिको जॅक रॅकमला पोर्ट रॉयलला फाशी का दिली? बुडाल्यावर 28 वर्षांनीही चाचे तिथेच होते की.

दप्तरदार

फाशी द्यायला आणलेले होते! तोवर पोर्ट रॉयल आरमाराचा तळ झालं होतं. रॅकमला जमैकाच्या पश्चिम टोकाला पकडलं, स्पॅनिश टाउनला खटला चालला, गॅलोज पॉइंटवर फाशी दिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना दहशत बसावी म्हणून प्रेत बंदराबाहेरच्या एका छोट्या बेटावर टांगलं. त्या बेटाला अजून रॅकम्स के म्हणतात. त्याच टोळीतल्या अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड या दोघींनी आपण गरोदर असल्याचं सांगितल्यामुळे त्यांची फाशी टळली.

जहाजी_काका

रॅकम्स के अगदी वाटेवर लागतं. वितभर वाळू आणि चार झुडपं. आमचे तरुण कॅडेट त्याचे फोटो काढायला धावायचे.

माणदेशी

लय भारी चर्चा चाललीय. मंडळी, त्या दिवशी नेमकं काय झालं ते कुणी लिहील का?

दप्तरदार

@माणदेशी, गावचा पाद्री इमॅन्युएल हीथ याने काही दिवसांतच पत्र लिहून ठेवलंय. तो सकाळची प्रार्थना आटोपून निघाला होता. वाटेत कौन्सिलचा अध्यक्ष जॉन व्हाइट भेटला, त्याने जेवणाआधी थोडी वर्मवुड वाइन घे म्हणून थांबवलं. हीथला कॅप्टन रुडनकडे जेवायला जायचं होतं. पण व्हाइटने चिलीम पेटवली, ती संपेपर्यंत उठणं बरं दिसेना, म्हणून तो बसून राहिला. तेवढ्यात जमीन हलली. हीथने विचारलं, हे काय? व्हाइट म्हणाला, भूकंप आहे, घाबरू नका, आत्ता थांबेल. पण थांबला नाही. चर्च आणि त्याचा मनोरा कोसळला. रुडनचं घर पहिल्याच झटक्यात माणसांसकट समुद्रात गेलं.

त्यानंतरची हकिगत वाचवत नाही. 'स्वान' नावाचं आरमारी जहाज लाटेने उचलून गावात आणलं, ते बुडालेल्या घरांच्या छपरांवरून वाहत गेलं आणि काही जण त्याला धरून वाचले. दफनभूमीतली जुनी प्रेतं आणि त्या दिवशी मेलेली माणसं बंदरात एकत्र तरंगत होती. त्याच संध्याकाळी लूट सुरू झाली. वाचलेले लोक बंदराच्या पलीकडे लिग्वानीच्या मैदानात झोपड्या बांधून राहिले, तिथे रोगराईने आणखी निदान तेवढीच माणसं गेली. त्याच वस्तीतून किंग्स्टन उभं राहिलं. आज देशाची राजधानी असलेलं शहर मुळात या भूकंपाच्या निर्वासितांची छावणी होती.

आजोळ

पाप वाढलं म्हणून देवाने बुडवलं असं तेव्हा सगळ्या धर्मोपदेशकांनी सांगितलं म्हणे.

भूतज्ञ_सांगली

सांगितलं, आणि ते चिकटलं. मला याचा राग येतो तो एवढ्यासाठी की मेलेल्यांत लहान मुलं होती, नोकर होते, साखळदंडात आणलेले गुलाम होते. उत्खननात एका पडलेल्या भिंतीखाली मुलांचे सांगाडे सापडलेत. त्यांचं कोणतं पाप?

टोरांटोचा_पाऊस

इतके प्रतिसाद वाचले, पण गुलामांबद्दल मूळ पोस्टमधला एक शब्द आणि वर ताईंचं एक वाक्य एवढंच आलं. म्हणून लिहितोय. माझे बरेच सहकारी जमैकन आहेत. त्यांच्याशी पोर्ट रॉयलचा विषय काढला की ते चाच्यांबद्दल क्वचितच बोलतात. त्यांचे पूर्वज ज्या जहाजांतून आले त्यांतली कितीतरी याच धक्क्याला लागली.

1672ला रॉयल आफ्रिकन कंपनीला गुलामांच्या व्यापाराची सनद मिळाली आणि तिचे दलाल पोर्ट रॉयलला बसले. आफ्रिकेतून आणलेली माणसं इथे विकली जायची. काही जमैकाच्या उसाच्या मळ्यांवर, काही पुढे स्पॅनिश वसाहतींत. गलबत, तुम्ही चाचे की व्यापारी असं विचारलंत. व्यापारी हे उत्तर खरं असेल तर त्या व्यापारात माणसं विकली जात होती हे पहिल्या ओळीत यायला हवं, शेवटच्या नाही.

लुई गाल्डीचं थडगं सगळे पर्यटक बघतात. सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आहे. फ्रान्समधल्या माँपेलियेचा हा माणूस धर्मासाठी देश सोडून आला होता. 1692ला जमिनीने त्याला गिळलं आणि दुसऱ्या हादऱ्याने समुद्रात फेकलं, मग होडी येईपर्यंत पोहत राहून वाचला. पुढे 1739पर्यंत, 80 वर्षांचा होऊन जगला. शिळेवर लिहिलंय की सगळ्यांचा लाडका होता. तो गुलामांचा व्यापारी होता हे शिळेवर लिहिलेलं नाही.

गलबत

@टोरांटोचा_पाऊस, पटलं. हे पहिल्या ओळीतच यायला हवं. गाल्डीच्या चमत्काराची गोष्ट मी अनेक ठिकाणी वाचली, त्याचा धंदा काय होता हे फार थोड्या ठिकाणी.

मावळतीचा_वारा

गुलामगिरी संपल्यावर आपल्याकडची माणसं नेली ती याच बेटावर ना?

टोरांटोचा_पाऊस

हो. 10 मे 1845ला मेडस्टन नावाचं जहाज ओल्ड हार्बर बे इथे आलं. ते किंग्स्टनच्या पश्चिमेला, त्याच दक्षिण किनाऱ्यावर. गिरमिटिया मजुरांची ही पहिली तुकडी, बहुतेक भोजपुरी मुलखातली. पुढच्या सत्तरेक वर्षांत सुमारे 36 हजार भारतीय जमैकात गेले. आज बोकडाची करी आणि रोटी ही जमैकाची स्वतःची पक्वान्नं झालीत. 10 मे तिथे भारतीय वारसा दिन म्हणून पाळतात.

साबुदाणावडा

खाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. पोर्ट रॉयलला आज लोक जातात ते मासे खायला, हे कुणी सांगितलंच नाही! किंग्स्टनची मंडळी शुक्रवारी संध्याकाळी गाड्या काढून दांड्यावरून टोकापर्यंत जातात. अख्खा स्नॅपर तळून, वर व्हिनेगरमधला कांदा-गाजर आणि स्कॉच बॉनेट मिरची. सोबत बॅमी.

बॅमी म्हणजे कसावाची जाड भाकरी. कंद किसून, पिळून, रस टाकून, उरलेल्या चोथ्याच्या चकत्या तव्यावर भाजतात. मग नारळाच्या दुधात भिजवून तळतात. कोलंबस येण्याआधीपासून तिथले मूळ रहिवासी टायनो लोक ती करत. आणि आपला उपासाचा साबुदाणा त्याच कसावाचा, दक्षिण अमेरिकेतून आलेला! आम्ही किंग्स्टनला असताना शेजारणीने बॅमी करायला शिकवली होती. कीस जितका कोरडा पिळाल तितकी बॅमी छान धरते. ओला राहिला की उलटताना तुटलीच म्हणून समजा.

सिलीपॉइंट

किंग्स्टन म्हटल्यावर सबायना पार्क आलंच पाहिजे. फेब्रुवारी 1971, पहिली कसोटी. पहिला दिवस पावसात गेला. भारत 5 बाद 75. मग आपला मडगावचा दिलीप सरदेसाई आणि एकनाथ सोलकर यांची 137 धावांची भागी. सरदेसाई 212, सोलकर 61, भारत 387. विंडीज 217 सर्वबाद. आघाडी 170ची. सामना चार दिवसांचा धरला गेल्यामुळे फॉलोऑनला 150 पुरेशा होत्या. वाडेकर सोबर्सकडे गेला आणि सांगितलं, पुन्हा बॅटिंग करा. विंडीजवर भारताने फॉलोऑन लादायची ती पहिलीच वेळ. सामना अनिर्णित राहिला पण मालिका कुणाची होणार ते तिथेच ठरलं.

काळा_पहाड

@सिलीपॉइंट, धागा बुडाला तर जबाबदार तुम्ही! आणि एकदा आलाच आहात तर 1976ची सबायना पार्कही लिहा. अंशुमन गायकवाडच्या कानावर बसलेला चेंडू आठवला की अजून अंगावर काटा येतो.

शिलेदार_७७

परत गावाकडे वळूया. समुद्रात गेलेलं गाव शोधलं कुणी? आणि खजिना वगैरे मिळाला का?

गलबत

@शिलेदार_७७, या प्रश्नाची वाट बघत होतो, कारण माझ्या मूळ म्हणण्याचा खरा पुरावा इथे आहे.

बुडाल्यानंतर कित्येक वर्षं पाण्याखाली घरं दिसत असल्याच्या नोंदी आहेत. नीट शोध विसाव्या शतकात सुरू झाला. 1959ला एडविन लिंक आपलं जहाज घेऊन गेला. त्याला पितळी खिशातलं घड्याळ मिळालं, पॉल ब्लॉन्डेल या कारागिराने 1686च्या सुमारास बनवलेलं. काटे गंजून गेले होते, पण क्ष-किरणांनी त्यांची जागा सापडली: 11 वाजून 43 मिनिटं. पुढे 1960च्या दशकात रॉबर्ट मार्क्सने मोठं उत्खनन केलं, आणि 1981 ते 1990 टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठाच्या पथकाने डॉनी हॅमिल्टन यांच्या मार्गदर्शनाखाली दहा उन्हाळे काम केलं.

त्यांनी आठ इमारती उघडल्या. पहिलीच इमारत घ्या. विटांची, शेजारी-शेजारी दुकानांचे गाळे. एका भागात चिनी मातीच्या नव्हे, साध्या पांढऱ्या मातीच्या चिलमींचा साठा, एका भागात गुत्ता, एका भागात चांभारकाम आणि लाकडाचं कातकाम. शेजारच्या घरांत कथलाच्या थाळ्या. त्यांतल्या काहींवर सायमन बेनिंग या गावातच राहणाऱ्या कारागिराचा शिक्का आहे, अननसाच्या चित्राचा. एका घरात तर अख्खं जहाज भिंत फोडून घुसलेलं सापडलं, ते 'स्वान'च असावं असा कयास आहे.

भरपूर सोनं-नाणं निघेल या आशेने लोक या गावाकडे बघत आले. मिळालं ते रोजच्या वापरातलं. चपलांचे तळवे, बाटल्या, सुऱ्या, चमचे, कासवांची हाडं. जमिनीवरचं गाव पिढ्यान्पिढ्या बदलतं, जुनं मोडून नवं बांधतात. इथे एका दुपारचं गाव जसंच्या तसं थांबलं, आणि त्या दुपारी त्यातली माणसं चिलमी विकत होती, जोडे शिवत होती, जेवायला बसत होती. पाण्याखालच्या पुराव्यावरून ठरवायचं तर मी व्यापाऱ्यांचं गाव म्हणेन. टोरांटोच्या मित्राने जोडलं त्यासकट.

माणदेशी

आता तिथे काय उरलंय?

जहाजी_काका

हजारभर वस्तीचं कोळीवाडा म्हणावं असं गाव. 1692 नंतर लोकांनी ते पुन्हा उभारायचा प्रयत्न केला, तर 1703ला आग लागली, 1722ला वादळ आलं. मग आरमाराने ताब्यात घेतलं. होरेशिओ नेल्सन 1779ला, विशीत असताना फोर्ट चार्ल्सचा अधिकारी होता, त्याच्या नावाची शिळा भिंतीत आहे. गोदी 1905ला बंद झाली. 1951च्या वादळाने बरंचसं गाव पुन्हा झोपवलं.

फोर्ट चार्ल्सला गेलात की एक गोष्ट चटकन जाणवते. पूर्वी त्याच्या तीन बाजूंना पाणी होतं. आता चहूबाजूंना जमीन आहे, कारण समुद्र वाळू आणून टाकतच असतो. तोफा गवताकडे तोंड करून उभ्या आहेत. शेजारी गिडी हाउस नावाची दारूगोळ्याची छोटी कोठी आहे, 1880च्या सुमाराची. 1907च्या भूकंपात तिच्याखालची वाळूही अशीच सैल झाली आणि ती एका अंगाला कलंडली, भिंती मात्र शाबूत. आत पाऊल टाकलं की डोळे म्हणतात जमीन सपाट आहे आणि तोल सांगतो की नाही. मी दाराची चौकट धरूनच उभा होतो.

भूतज्ञ_सांगली

काका, हे वर्णन आता माझ्या वर्गात जाणार!

आजोळ

वारसा दर्जा मिळाल्याने गावाचं भलं होईल का? क्रूझवाले येऊन सगळं विद्रूप करतील असं वाटतं.

टोरांटोचा_पाऊस

@आजोळ, क्रूझ जहाजं 2020च्या जानेवारीतच सुरू झाली. पण खांब ठोकून धक्का बांधला असता तर खालचं गाव फुटलं असतं, म्हणून किनाऱ्यावरून घडी उलगडत जहाजापर्यंत पोहोचणारा तरंगता धक्का लावला. दोनच महिन्यांत कोविडने सगळं थांबलं ते वेगळं. तिथल्या लोकांना पर्यटन हवंय, हे माझे सहकारी ठासून सांगतात. गावात तरुणांना मासेमारीखेरीज फारसं काम नाही. चाच्यांचे झेंडे विकून पोट भरत असेल तर आपण लांबून नाक मुरडू नये. मात्र गुलामांच्या बाजाराची जागा दाखवणारा फलकही तितकाच ठळक हवा.

काळा_पहाड

या शेवटच्या वाक्याला माझं पूर्ण अनुमोदन. मूळ प्रश्नावर मी अजून अर्धाच राजी आहे, लुटीच्या भांडवलाचं श्रेय (की अपश्रेय) मॉर्गनचं राहणारच.

पाणबुडी_मालवण

धागा उशिरा पाहिला. मी मालवणला स्कुबा शिकवतो. पोर्ट रॉयलच्या बुडालेल्या गावात पर्यटक म्हणून डुबकी मारता येते का?

गलबत

@पाणबुडी_मालवण, तशी मोकळीक नाही. तो भाग संरक्षित आहे, जमैका नॅशनल हेरिटेज ट्रस्टची परवानगी लागते आणि ती मुख्यतः संशोधनासाठी. शिवाय बंदराचं पाणी गढूळ. तिथे काम केलेल्या पाणबुड्यांनी बराचसा भाग हाताने चाचपडत मोजलाय, आणि बऱ्याच भिंती आता गाळाखाली आहेत. वर काढलेल्या वस्तू बघायच्या असतील तर फोर्ट चार्ल्समध्येच छोटं संग्रहालय आहे. डुबकीच मारायची असेल तर स्थानिक लोक होडीने लाइम केला नेतात, तिथे प्रवाळ आहे आणि पाणी स्वच्छ.